वाचक विचारतात : थायलंडमधला लांबचा मुक्काम

निवृत्तीनंतर परदेशात राहण्याबद्दल आलेल्या पत्रांत थायलंडची पत्रं सगळ्यांत जास्त आहेत, म्हणून या वेळी तिथलेच प्रश्न घेतले आहेत. मडगावहून आलेला पोर्तुगालचा प्रश्न मात्र वेगळा असूनही घेतला. हिशेबाच्या सोयीसाठी 1 बाथ म्हणजे 2.70 रुपये धरले आहेत. दर रोज हलतो, तेव्हा आकडे थोडे सैल धरा.

आम्ही दोघंही साठीच्या आसपास आहोत. हुआ हिनला वर्षभर राहावं असा विचार आहे. दर दोन महिन्यांनी शेजारच्या देशात जाऊन परत यायचं, व्हिसाची कटकटच नको, असं एका परिचितांनी सांगितलं. हे चालतं का? नसेल तर कोणता व्हिसा घ्यावा?
– निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

चालत नाही. जुलै 2024 मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवसांचा प्रवेश मिळू लागला, तो सहलीसाठी. हे धोरण सरकार कधीही बदलू शकतं. जमिनीवरच्या सीमेवरून व्हिसाशिवाय प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो. विमानानं गेलात तरी पासपोर्टवर लागोपाठचे शिक्के दिसले की अधिकारी तुम्हाला बाजूला घेऊन चौकशी करू शकतो आणि परतही पाठवू शकतो. भाड्याचं घर आणि सगळा संसार तिकडे, आणि तुम्ही विमानतळावर अडकलेले, अशी वेळ या वयात कशाला आणायची?

निवृत्तांसाठी वयाची किमान अट पन्नास पूर्ण. सरळ मार्ग दोन आहेत, नॉन-इमिग्रंट ओ आणि नॉन-इमिग्रंट ओ-ए. नावात एका अक्षराचा फरक असला तरी पुढची सगळी वर्षं वेगळी जातात.

ओ-ए भारतातूनच घ्यावा लागतो. जानेवारी 2025 पासून अर्ज ई-व्हिसा पोर्टलवर होतो. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात. 8 लाख बाथ शिल्लक, किंवा महिना 65,000 बाथ उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला 8 लाख, असा पुरावा लागतो. हे पैसे भारतातल्या बँकेत असले तरी चालतात. शिवाय पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला आणि वैद्यकीय दाखला लागतो. कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस आणि अमली पदार्थांचं व्यसन नाही, हे त्या दाखल्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. आपल्याकडचे डॉक्टर सवयीनं 'प्रकृती ठणठणीत' एवढंच लिहून देतात आणि अर्ज परत येतो. ऑक्टोबर 2019 पासून ओ-ए साठी आरोग्य विमाही सक्तीचा आहे. विम्याची किमान रक्कम मधल्या काळात बदललेली आहे, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तीच धरा.

ओ साठी विम्याची सक्ती नाही. तो सुरुवातीला 90 दिवसांचा मिळतो आणि मग थायलंडमध्येच इमिग्रेशन कचेरीत एकेका वर्षाची मुदतवाढ घ्यायची असते. पर्यटक म्हणून गेलेल्यालाही तिथेच 2,000 बाथ भरून ओ मध्ये बदल करून मिळतो. त्यासाठी अर्जाच्या वेळी मुक्कामाचे किमान 15 दिवस शिल्लक हवेत आणि पैसे परदेशातून थाई खात्यात आल्याचा कागद हवा.

आमचं मत विचाराल तर सत्तरीच्या पुढे असाल, किंवा मधुमेह, हृदयविकार असं काही असेल, तर ओ बरा. ओ-ए वर गेलेल्याला पुढच्या मुदतवाढीलाही विमा दाखवावा लागतो आणि त्या वयात नवा विमा देणाऱ्या कंपन्या कमी, हप्ते भरमसाट. पण सक्ती नाही म्हणून विमाच नको, असं समजू नका. तुमची भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारतातल्याच उपचारांपुरती असेल, आणि प्रवास विमा जुन्या आजारांना सहसा हात लावत नाही.

ओ-एक्स नावाचा पाच-पाच वर्षांचा व्हिसा एजंट दाखवतात. तो ठरावीक 14 देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. दहा वर्षांचा एलटीआर (दीर्घ मुक्कामाचा) व्हिसा भारतीयांना मिळतो. मात्र निवृत्तांच्या गटात वर्षाला 80,000 डॉलर पेन्शन किंवा व्याज-भाड्यासारखं उत्पन्न लागतं. 40,000 ते 80,000 च्या मध्ये असाल तर थायलंडमध्ये अडीच लाख डॉलरची गुंतवणूक दाखवावी लागते.

8 लाख बाथ नेमके कुठे, कोणाच्या नावावर आणि किती दिवस ठेवायचे? माझ्या आणि पत्नीच्या संयुक्त खात्यात ठेवले तर? बँकेत विचारलं तर वीस टक्के कर कापला जाईल म्हणाले.
– निवृत्त अभियंता, नाशिक

आधी खात्याचं बघू. मुदतवाढीसाठी पैसे थायलंडमधल्या बँकेत आणि एकट्या अर्जदाराच्या नावावर हवेत. संयुक्त खात्यात ठेवले तर अर्ज नाकारला जाण्याची शक्यता मोठी, आणि पासबुक पुढे केल्यावर ते कळलं तर सुधारायला वेळ उरत नाही. मुदत ठेव चालते, पण हवी तेव्हा मोडता येणारी असावी.

आता दिवसांचं. अर्जाच्या आधी दोन महिने पूर्ण 8 लाख खात्यात पडून हवेत. मुदतवाढ मिळाल्यावर पुढचे तीन महिने त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या काळात शिल्लक 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. समजा तुमची तारीख 10 जानेवारी आहे. मग 10 नोव्हेंबर ते 10 एप्रिल 8 लाख, आणि 10 एप्रिलपासून पुढच्या 10 नोव्हेंबरपर्यंत किमान 4 लाख. एक दिवस जरी शिल्लक 7,99,000 झाली तरी पासबुकातल्या नोंदीवर बोट ठेवलं जातं. बँकेचे शुल्क आणि एटीएमचे पैसे त्यातूनच कापले जातात, म्हणून 15-20 हजार बाथ वर ठेवा. घरखर्चासाठी वेगळं खातं काढलं तर हा धोकाच राहत नाही.

पहिल्या वर्षी खरी ओढाताण होते. ओ चे 90 दिवस हातात, त्यातले शेवटचे 60 दिवस पैसे खात्यात असायला हवेत. म्हणजे पोचल्यापासून महिन्याभरात खातं उघडून पैसे जमा व्हायला हवेत. पर्यटक म्हणून आलेल्याचं खातं उघडायला बऱ्याच शाखा का-कू करतात. ओ व्हिसा, भाडेकरार आणि इमिग्रेशनचा निवासदाखला घेऊन गेलात तर काम होतं. एक शाखा नाही म्हणाली तर त्याच बँकेची दुसरी शाखा हो म्हणते, असंही घडतं. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेचं पत्र घ्या आणि पासबुक भरून घ्या. आदल्या दिवशीची नोंद काही कचेऱ्या मानत नाहीत.

भारतातून पैसे पाठवताना कारण 'परदेशात स्वतःचं खातं' असंच लिहा, भेट किंवा कुटुंबाचा निर्वाह असं नको. रक्कम परकीय चलनातच जाऊ द्या. बाथमध्ये रूपांतर तिकडच्या बँकेत होऊ दे आणि त्या बँकेकडून जमा झाल्याचा दाखला मागून घ्या. पुढे फ्लॅट घ्यायचा झाला तर हाच कागद लागतो.

करकपातीबद्दल बँकेनं अर्धंच सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल 2025 पासून पहिल्या 10 लाख रुपयांवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) नाही, त्यावरच्या रकमेवर अशा कारणासाठी 20 टक्के. 8 लाख बाथ म्हणजे अंदाजे 21 लाख 60 हजार रुपये. एकदम पाठवले तर 11 लाख 60 हजारांवर 2 लाख 32 हजार कापले जातील. हा जादा कर नव्हे. तो आयकराच्या वार्षिक कर-पत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. 10 लाख मार्चअखेर आणि उरलेले 11 लाख 60 हजार एप्रिलमध्ये पाठवलेत, तर कपात फक्त 1 लाख 60 हजारांवर, म्हणजे 32 हजार. मात्र मार्चमध्ये पाठवायचे तर खातं त्याआधी उघडलेलं हवं. मुक्कामाची आखणी त्या हिशेबानं करा.

ज्या वर्षी भारतात तुम्ही सर्वसाधारण निवासी ठरता, त्या वर्षीच्या विवरणपत्रात हे थाई खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं. आयटीआर-1 चालत नाही, किमान आयटीआर-2 लागतो. या खात्यावर व्याज नगण्य म्हणून लोक ते सोडून देतात. काळ्या पैशाच्या कायद्यात त्याला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 20 लाखांपर्यंतच्या स्थावर नसलेल्या मालमत्तेला ऑक्टोबर 2024 पासून सूट मिळाली, पण तुमची रक्कम त्याच्या पुढे जाते.

थायलंडचीही एक बाजू आहे. कॅलेंडर वर्षात 180 दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही तिथले कर-निवासी. 1 जानेवारी 2024 पासून कमावलेलं परदेशी उत्पन्न तिथे आणलं तर ते करपात्र धरलं जातं. त्याआधीची बचत नाही. म्हणून 31 डिसेंबर 2023 ची शिल्लक दाखवणारं बँक विवरण जपून ठेवा. भारत-थायलंड दुहेरी करआकारणी करार आहे, त्याचा लाभ कसा घ्यायचा ते सनदी लेखापालाकडून लिहून घ्या.

माझ्या ओ-ए व्हिसावर 28 फेब्रुवारी 2027 ही तारीख आहे. एजंट म्हणतो फेब्रुवारी 2028 पर्यंत राहता येईल. तो फसवतोय का?
– वाचक, सोलापूर

नाही, या बाबतीत तो बरोबर आहे. व्हिसावरची तारीख म्हणजे त्या व्हिसावर आत शिरण्याची शेवटची तारीख. किती दिवस राहायचं ते प्रवेशशिक्क्यावर लिहिलेलं असतं. ओ-ए वर्षभर कितीही वेळा वापरता येतो आणि प्रत्येक प्रवेशाला एक वर्षाचा शिक्का मिळतो. तुम्ही 20 फेब्रुवारी 2027 ला बाहेर जाऊन परत आलात तर शिक्का 19 फेब्रुवारी 2028 चा पडेल. दोन गोष्टी याला कात्री लावतात. विमा आधी संपत असेल तर शिक्का विम्याच्या तारखेपर्यंतच, आणि पासपोर्ट आधी संपत असेल तर पासपोर्टच्या तारखेपर्यंत. अधिकाऱ्यानं शिक्का मारला की तिथेच, खिडकी सोडण्याआधी तारीख वाचा.

एजंटनं बहुधा पुढचं सांगितलं नसेल. 28 फेब्रुवारी 2027 नंतर तुमचा व्हिसा संपलेला असेल, जिवंत असेल तो फक्त शिक्का. त्यानंतर देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी री-एंट्री परमिट (परत येण्याची आगाऊ परवानगी) घेतलं नाही, तर तो शिक्काही रद्द होतो. ओ वर वार्षिक मुदतवाढ घेतलेल्यांना तर हे परमिट प्रत्येक वेळी लागतं. गणपतीला किंवा घरच्या लग्नाला घाईत आले, परमिट राहिलं, आणि परत गेले ते पर्यटक म्हणून. मग ओ पुन्हा पहिल्यापासून आणि मुदतवाढही नव्यानं. निवृत्तांच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

या परमिटसाठी फॉर्म टीएम 8, एक फोटो, एकदाच्या प्रवासाला 1,000 बाथ आणि अनेकदाच्या प्रवासाला 3,800. वर्षात चारदा जाणार असाल तर दुसरं स्वस्त. इमिग्रेशन कचेरीत मिळतं, आणि अगदीच राहून गेलं तर सुवर्णभूमी विमानतळावरही खिडकी आहे. पण त्या भरवशावर राहू नका, कारण वैद्यकीय कारणानं रात्रीतून निघावं लागतं तेव्हा रांगेत उभं राहायला कोणालाच सवड नसते. मुदतवाढ मिळाली त्याच दिवशी, त्याच कचेरीत 3,800 वालं घेऊन टाका. मुदतवाढीचे 1,900 बाथ वेगळे.

मुदत उलटली तर दिवसाला 500 बाथ, जास्तीत जास्त 20,000 दंड. स्वतः हजर झालात आणि 90 दिवसांपेक्षा जास्त झाले असतील तर वर्षभर प्रवेशबंदी. मात्र तपासणीत पकडले गेलात तर वर्षाच्या आतला उशीरही पाच वर्षांची बंदी ओढवतो.

90 दिवसांनी पोलिसांत जावं लागतं म्हणे?
– वाचक, पुणे

इमिग्रेशन पोलिसांकडे पत्ता कळवायचा असतो, एवढंच. फॉर्म टीएम 47. तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत मुदत, शुल्क नाही, चुकलं तर 2,000 बाथ. पहिल्यांदा कचेरीत जा, पुढे ऑनलाइन होतं. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी शून्यापासून. याला मुदतवाढ समजू नका. पावतीवरची 'पुढची तारीख' हीच मुक्कामाची तारीख समजून बसलेले लोक आहेत.

याच्या जोडीला टीएम 30. परदेशी माणूस घरात राहायला आल्याची नोंद घरमालकानं 24 तासांत करायची असते. ती नसेल तर तुमची बाकीची कामं खिडकीवर अडतात, आणि मालक बँकॉकमध्ये बसून फोन उचलत नाही. भाडेकरार करतानाच ती नोंद आणि घराच्या कागदांच्या सहीच्या प्रती मागून घ्या.

पत्नी 48 वर्षांची आहे. तिच्यासाठीही वेगळे 8 लाख ठेवावे लागतील का? आमचं लग्न गावी झालं, नोंदणी नाही.
– निवृत्त शिक्षक, अमरावती

वेगळे 8 लाख नकोत. तुमची मुदतवाढ झाली की पत्नीला तुमच्यावर अवलंबून म्हणून मुदतवाढ मिळते, तिथे वयाची अटही नाही. लागतं ते विवाह प्रमाणपत्र. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याखाली जुन्या लग्नाचीही उशिरानं नोंदणी होते. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत, गावात ग्रामपंचायतीत चौकशी करा. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि पुरोहितांची सही लागते. पुरोहित हयात नसतील तर प्रतिज्ञापत्रावर काय चालेल ते निबंधकांना आधीच विचारा.

त्यानंतर राज्य शासनाचं आणि परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, थाई दूतावासाचं प्रमाणीकरण, आणि तिकडे गेल्यावर थाई भाषांतर करून त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. दोन-तीन महिने सहज जातात. काम अडतं ते नावावरून. पासपोर्टवर माहेरचं नाव, प्रमाणपत्रावर सासरचं, आणि वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं. हे साक्षांकनाच्या आधी जुळवून घ्या, नंतर सगळी साखळी पुन्हा करावी लागते.

संगीत विशारद आहे. तिकडच्या मुलांना हार्मोनियम शिकवीन, पैसे घेणार नाही. हरकत नाही ना?
– वाचक, मिरज

हरकत आहे. वर्क परमिट नसताना काम करता येत नाही, मानधन न घेता केलेलं कामही त्यात येऊ शकतं. घरी स्वतः वाजवा, मित्रांना ऐकवा. नियमित वर्ग भरवू नका.

राज्य शासनाचा पेन्शनर आहे. हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा? इथलं बचत खातं तसंच ठेवलं तर चालेल ना?
– निवृत्त लिपिक, रत्नागिरी

नोव्हेंबरमधला दाखला मोबाइलवर जीवन प्रमाण ॲपमधून चेहरा दाखवून देता येतो. त्यासाठी आधारला जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक चालू ठेवा. बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात, रोमिंग आणि रिचार्ज विसरू नका. ॲपनं दगा दिला तर बँकॉकमधल्या भारतीय दूतावासात जाऊन दाखला घेता येतो.

खातं तसंच ठेवता येणार नाही. अनिश्चित काळासाठी परदेशी राहण्याच्या इराद्यानं गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार तुम्ही अनिवासी. तिथे दिवस मोजण्यापेक्षा इरादा बघतात. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्यायचं, पेन्शन त्यात जमा होत राहते. आयकरातला अनिवासी वेगळा, तो दिवसांवर ठरतो. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही. एनआरओ झाल्यावर पैसे पाठवण्याची मर्यादा वर्षाला 10 लाख डॉलर आहे आणि टीसीएसचा प्रश्न उरत नाही. मात्र आयकर विभागाकडे पैसे पाठवण्याचं घोषणापत्र आणि बहुतेकदा सनदी लेखापालाचा दाखला लागतो.

आजोबांचा जन्म 1961 पूर्वीचा, गोव्यातला. पोर्तुगालला निवृत्त व्हायचं तर डी7 व्हिसा घ्यावा की नागरिकत्व?
– वाचक, मडगाव

दोन्ही वाटा आहेत, पण परिणाम सारखे नाहीत. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. ते घेतलंत की भारतीय नागरिकत्व जातं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परत यायचं तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड), आणि मतदानाचा हक्क संपला. शेतजमीनही नव्यानं घेता येत नाही.

डी7, म्हणजे नियमित उत्पन्न असलेल्यांसाठीचा पोर्तुगालचा निवास व्हिसा, त्यात भारतीयच राहता. नियमित उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं लागतं, 2025 मध्ये महिना 870 युरो. जोडीदारासाठी निम्मं आणखी. व्हिसा चार महिन्यांचा असतो, त्यात तिथे पोचून दोन वर्षांचा निवास परवाना घ्यायचा, मग तीन वर्षांचं नूतनीकरण. परवान्याच्या काळात सलग 6 महिने किंवा एकूण 8 महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर नूतनीकरण धोक्यात येतं. निम्मं वर्ष गोव्यात काढायचा बेत असेल तर डी7 तुमच्यासाठी नाही.

नवरा-बायकोपैकी एकाचं काही झालं तर दुसऱ्याच्या मुक्कामाचं काय होतं?
– वाचक, ठाणे

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. मुख्य अर्जदार गेला की अवलंबून म्हणून घेतलेल्या मुदतवाढीचा आधारच संपतो. जोडीदारानं इमिग्रेशनला लगेच कळवून, पन्नास पूर्ण असतील तर स्वतःच्या नावावर निवृत्त म्हणून अर्ज करायचा. त्यासाठी स्वतःच्या खात्यात 8 लाख हवेत, आणि नेमके ते पैसे मृताच्या एकट्याच्या खात्यात गोठलेले असतात. बँक न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते सोडत नाही. त्याला महिने लागतात.

म्हणून थाई मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र तिथल्या वकिलाकडून थाई आणि इंग्रजीत करून घ्या आणि त्यात व्यवस्थापक नेमा. जोडीदाराचं स्वतंत्र थाई खातं पहिल्या वर्षीच उघडा. शक्य असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्यातही 8 लाख ठेवून दोघांनी स्वतंत्र मुदतवाढ घ्या. हे जमत नसेल तर एवढी रक्कम भारतात जोडीदाराच्या नावावर, लगेच मोडता येईल अशा ठेवीत ठेवा.